ताजचे भूत आणि विसरलेले रावसाहेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईतल्या ‘झपाटलेल्या’ जागांची यादी कुठेही छापून आली की तीत ताजमहाल हॉटेल असतेच. गोष्टही ठरलेली. चेंबर्स नावाचा इंग्रज आर्किटेक्ट नकाशे देऊन विलायतेला गेला. परत येऊन पाहतो तर हॉटेल उलटे बांधलेले, दार शहराकडे आणि पाठ समुद्राला! त्याने म्हणे वरून उडी घेतली आणि तेव्हापासून तो जुन्या इमारतीत फिरतो, रात्री त्याच्या पावलांचा आवाज येतो. भूत मानायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, पण बांधकामाचा हिशेब इथे अजिबात जुळत नाही.

मुळात आराखडा चेंबर्स यांचा नव्हताच. तो रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य १९०० मध्ये, काम अर्धवट असतानाच वारले. त्यानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स आले आणि त्यांनी ते पुरे केले. १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडले. दुसऱ्याने सुरू केलेले काम हाती घेणारा माणूस पहिल्या दिवशी काय पाहील? नकाशा आणि जागेवर उभे राहिलेले बांधकाम.

इमारत उलटी झाल्याचे शेवटी कळते, ही कल्पना ज्याने साइट पाहिलेली नाही त्यालाच सुचावी. खोदाईच्या आधी खुंट्या ठोकून, दोरी ताणून, फक्कीने आखणी होते. ताजची जुनी इमारत इंग्रजी ‘यू’ आकाराची आहे: लांब बाजू बंदराकडे आणि दोन भुजा मागे, पश्चिमेकडे. असा आराखडा फिरला असता तर ते फक्कीच्या रेघांवरच दिसले असते. तिथे नजरचूक झाली असे धरले तरी जोत्यापर्यंत काम आल्यावर कोणताही मिस्त्री सांगेल की चौक कुठल्या बाजूला उघडतो. शिवाय पैसा जमशेटजी टाटांचा. पाच-सहा मजले उलटे चढेपर्यंत ते गप्प बसले असते?

दार शहराकडे होते हे मात्र खरे. मूळ प्रवेश मागच्या बाजूला, आज जिथे पोहण्याचा तलाव आहे त्या चौकातून होता. त्यात विचित्र काहीच नाही. घोडागाड्या शहरातून येत. गेटवेचे उद्घाटन १९२४ चे, त्यामुळे आज आपण ज्या पटांगणात उभे राहून ‘दर्शनी बाजू’ ठरवतो ते १९०३ साली नव्हतेच. बंदराचा देखावा पूर्वेला, म्हणून खोल्यांची लांब रांग तिकडे. मुंबईचा दुपारचा वारा पश्चिमेचा, तो चौकाच्या उघड्या बाजूने आत येतो. मेरीवेदर रोडच्या बाजूने एकदा इमारतीकडे पाहावे, सगळे उलगडते.

हीच कथा ग्लासगोच्या केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालयाबद्दलही सांगतात: इमारत उलटी झाली, आर्किटेक्टने मनोऱ्यावरून उडी मारली. ते संग्रहालय १९०१ चे. प्रत्यक्षात त्याच्या दोन आर्किटेक्टांपैकी जॉन सिम्प्सन पुढे वेम्बली स्टेडियमच्या कामात होते आणि १९३३ पर्यंत जगले. आपल्या चेंबर्स यांच्या उडीची तारीख विचारा, गोष्ट गप्प बसते.

राहिला पावलांचा आवाज. ताजचा मधला जिना घुमटाखालच्या उंच पोकळीत चढतो आणि मजले त्या पोकळीकडे उघडतात. अशा जागेत खालच्या मजल्यावरची चाल वर घुमून पाठीमागून आल्यासारखी वाटते. रात्री वर्दळ थांबली की जास्तच. हा प्रसिद्ध जिना बांधकामाचे ठेकेदार खानसाहेब सोराबजी रतनजी काँट्रॅक्टर यांचा. गोष्टीत तेही नाहीत.

खटकते ते हेच. वैद्य हे व्हिक्टोरिया टर्मिनसचे आर्किटेक्ट स्टीव्हन्स यांच्या हाताखाली तयार झालेले. त्यांची इमारत शंभराहून अधिक वर्षे उभी आहे आणि मराठी वृत्तपत्रांतही नाव येते ते चेंबर्स यांच्या भुताचे. भुताची चौकट खुशाल छापा, वाचक आवडीने वाचतात. फक्त पुढच्या वेळी तिच्यात वैद्य, मिर्झा आणि सोराबजी यांची नावे घाला, आणि शक्य झाल्यास शेजारी इमारतीचा साधा नकाशा, उत्तर दिशा दाखवून.

– एक वाचक, दादर