चेव्हनिंग पीएच.डी.साठी नसते!

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या कालच्या शिक्षणविषयक पुरवणीतील, कायद्याच्या पीएच.डी.साठी मिळणाऱ्या शिष्यवृत्त्यांवरचा लेख वाचला. हा दुर्लक्षित विषय निवडल्याबद्दल लेखकाचे आभार मानावेत, असे पहिल्या परिच्छेदापर्यंत वाटत होते. मग चौकटीत अगदी वर ‘चेव्हनिंग’ हे नाव दिसले आणि तो बेत रद्द केला. ब्रिटिश सरकारची ही शिष्यवृत्ती एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी असते, पीएच.डी.साठी नसते, हे तिच्या पात्रतेच्या नियमांतच लिहिलेले आहे. तिच्याखाली आपण ‘अमेरिकेतून पीएच.डी. करण्याची संधी’ म्हणून दिलेली फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिप तर भारतात पीएच.डी.साठी आधीच नोंदणी केलेल्यांना तिकडे सहा ते नऊ महिने संशोधन करण्यापुरती मिळते. तिच्या बळावर तिथली पदवी हाती येत नाही. चौकट लिहिताना त्या संस्थांची संकेतस्थळे उघडण्याइतकी सवड कोणाला मिळाली नसावी.

देशातील सोयीसाठी मात्र लेखात मोजून दोन वाक्ये आहेत. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणाऱ्या जेआरएफची (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, म्हणजे पीएच.डी. करणाऱ्याचे दरमहा विद्यावेतन) रक्कम आपण ३१ हजार दिली आहे. ती १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार आणि पुढे ४२ हजार आहे. घरभाडे भत्ता निराळा. जेआरएफसाठी ३० वर्षांची वयोमर्यादा आहे आणि एलएल.एम. झालेल्यांना तीत तीन वर्षांची सवलत मिळते. वकिलीत काही वर्षे काढून संशोधनाकडे वळणाऱ्यासाठी लेखातील सर्वांत उपयोगाची ओळ हीच ठरली असती, आणि नेमकी तीच लेखात नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांचे तर नावही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर अधिवेशनात या अधिछात्रवृत्त्यांच्याच चर्चेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्या तोंडून ‘पीएच.डी. करून काय दिवे लावणार’ हे उद्गार निघाले, तेव्हा आपणच त्यावर अग्रलेख लिहिला होता, म्हणून या विस्मरणाचे विशेष वाटते.

रकमेपेक्षाही ती हाती कशी पडते, हे लिहायला हवे होते. मी जिल्हा न्यायालयात वकिली करत होते. जेआरएफ मिळाल्यावर ज्या संस्थेत नोंदणी केली तिथे सांगण्यात आले की, विद्यावेतन घेणाऱ्याला दुसरे कोणतेही उत्पन्न चालत नाही, तेव्हा सनद (वकिलीचा परवाना) स्थगित केल्याचे पत्र आणा, मगच जॉइनिंग रिपोर्ट पुढे जाईल. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. पूर्णवेळ पगारी नोकरी धरणाऱ्या वकिलाने वकिली थांबवावी, हा बार कौन्सिलचा नियमही मला ठाऊक आहे. विद्यावेतन म्हणजे पगार नव्हे, असा युक्तिवाद करता आला असता. पण टेबलापलीकडे न्यायाधीश नसून कारकून होते. मी अर्ज देऊन सनद स्थगित केली, हातातली प्रकरणे सहकाऱ्यांकडे सोपवली आणि पहिल्या हप्त्याची वाट पाहू लागले.

विद्यावेतन बँकेच्या पोर्टलवरून येते आणि त्यासाठी संस्थेने दरमहा हजेरीची खातरजमा करावी लागते; एकाने माहिती भरायची, दुसऱ्याने ती तपासून मान्य करायची, म्हणजे ज्याला सारे संशोधक ‘मेकर-चेकर’ म्हणतात ते. आमच्या संस्थेतील ‘चेकर’ची बदली झाली होती, आणि त्यांचा पासवर्ड कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. मार्गदर्शक म्हणत, आस्थापना विभागाला विचारा. आस्थापना विभाग म्हणे, मार्गदर्शकांची सही अपुरी आहे. पावसाळा गेला, दिवाळीही गेली. अखेर थकबाकी एकरकमी आली हे खरे, पण मधल्या काळात खोलीचे भाडे आईच्या निवृत्तिवेतनातून गेले आणि माझे पक्षकार शेजारच्या टेबलावरच्या वकिलांकडे गेले. तेही बरोबरच आहे. ज्याची तारीख पुढच्या आठवड्यात आहे, त्याने माझ्या प्रबंधाच्या प्रकरणांची वाट का पाहावी?

विज्ञान-तंत्रज्ञानाच्या निवडक संशोधकांना पंतप्रधान संशोधन फेलोशिपमधून दरमहा ७० ते ८० हजार मिळतात, याचा हेवा नाही. परंतु त्या योजनेत कायद्याला जागा नाही आणि जेआरएफची कंटिन्जन्सी (संशोधनाच्या किरकोळ खर्चाची रक्कम) आम्हाला मानव्यविद्यांच्या दराने, म्हणजे पहिली दोन वर्षे वर्षाला १० हजार मिळते, हे आपल्या वाचकांना कळायला हवे. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल २०२३ पासून ई-एससीआर या न्यायालयाच्याच संकेतस्थळावर विनामूल्य मिळू लागले, हा मोठा दिलासा आहे. पण कनिष्ठ न्यायालयांतील कागदपत्रांवर काम करणाऱ्याला नकला, प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च याच रकमेतून भागवायचा असतो. परदेशी जायचेच म्हटले, तर अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषयच वगळले. जातीय अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या अंमलबजावणीवर बाहेर जाऊन प्रबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने अर्जात विषय काय लिहायचा, हे आपल्या लेखकाने अवश्य सांगावे.

आता आणखी एक. त्याच पुरवणीच्या शेवटच्या पानावर, छोट्या जाहिरातींत, ‘सर्व शाखांचे पीएच.डी. प्रबंध लिहून मिळतील, गोपनीयतेची हमी’ असा मजकूर दूरध्वनी क्रमांकासह छापलेला आहे. पहिल्या पानावर पीएच.डी.ला पैसे कोठून आणावेत याचे मार्गदर्शन आणि शेवटच्या पानावर ते कोठे द्यावेत याची सोय, ही योजकता दाद देण्याजोगी आहे! जाहिरात विभाग संपादकीय विभागाच्या अखत्यारीत नसतो, हे ठरलेले उत्तर कृपया पाठवू नये.

चेव्हनिंग, फुलब्राइट आणि जेआरएफ यांबाबतची दुरुस्ती येत्या पुरवणीत, मूळ चौकट जिथे होती तिथे आणि तेवढ्याच टंकात छापावी. ‘चुकभूल’ या सदरात, राशिभविष्याच्या खाली नको.

आपली,
एक संशोधक (सनद अद्याप स्थगित), सांगली