सव्वा मूठ गहू

मा. संपादक साहेब,

कानबाई उठली, पाहुणे पांगले, आता जरा निवांत आहे म्हणून लिहितोय. दरवर्षी पेपरात कानबाईचे फोटो येतात, फुगड्या, वाजतगाजत विसर्जन, छानच असतं, पण आधी घरात जे गहू मोजतात त्याचा फोटो कोणी काढत नाही.

खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगतो, कानबाई म्हणजे आमची देवी, नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, सोमवारी विसर्जन. रोटासाठी, म्हणजे देवीच्या गव्हाच्या प्रसादासाठी, आमच्याकडे घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. तो पुण्याला आयटीत असो, सुरतेला असो नाहीतर पाळण्यातलं पोर असो, त्याची मूठ पडतेच. हे काम मोठ्या काकूकडे. दोन चुलतभाऊ बांधावरून कोर्टात गेलेत, एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण काकू दोघांची नावं घेते आणि गहू एकाच ढिगात टाकते. मला हे खरंच आवडतं, म्हणजे आवडायचं.

यंदा भावाची पाच वर्षांची नात शेजारी बसलेली, मधेच विचारते, "आजी, मनी (माझी) मूठ?" काकू म्हणाली, "तुनी नही वं माय, तू दुसराना घरनी." सगळे हसले, मीपण. पोरगी रडली नाही काही नाही, सांडलेले दाणे वेचून ढिगात टाकत बसली.

तेव्हापासून माझ्या बहिणीचं डोक्यातून जात नाहीये. वडील गेल्यावर हक्कसोड करायला तिला मीच गाडीवर बसवून रजिस्टर ऑफिसला नेलं होतं. कायदा मला माहीत नव्हता असं नाही, 2005 पासून लेकीचा वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हिस्सा आहे, लग्न झालेलं असलं तरी, आणि 2020 ला सुप्रीम कोर्टाने तो जन्मापासूनचा आहे असं स्पष्ट पण केलं. मी काही बोललो नाही. ती सही करताना एवढंच म्हणाली, "माले जमीन नको रे भाऊ, माहेर ऱ्हाऊ दे." येताना तिला साडी घेतली, कचोरी खाल्ली, महिन्याभरात सातबारावरून तिचं नाव निघालं.

पहिल्या दोन आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुऱ्हाळी (लेकीला माहेरी आणायला जाणारा) गेला, ती आली, सांजोऱ्या केल्या, निंबाच्या झाडाला झोका बांधला. मग कापसाचे भाव पडले, मग पोराची परीक्षा, मग फोनवरच "ये ना गं" म्हणायला लागलो. फोनवर बोलावल्यावर कोणती बहीण येते आखाजीला? यंदा तर फोन पण बायकोनेच केला.

तर विनंती एवढीच की हे पत्र छापा, आणि खान्देशात कुणाच्या घरी रोटाला लेकींची पण मूठ पडत असेल तर त्यांनी पेपरात लिहून कळवावं, काकूला वाचून दाखवायचंय. काकू ऐकणार नाही बहुतेक. पुढच्या आखाजीला मुऱ्हाळी म्हणून मीच जाणारे, बहीण गाडीवर बसेल की नाही माहीत नाही.

– एक वाचक, ता. पारोळा, जि. जळगाव