सच्या, पॉइंटचं बघू, पण आधी हे वाच

नाशिक,
रविवार रात्र

प्रिय सच्या,

तुझा मेसेज परवाच वाचला रे, पण ओपीडीत होतो म्हणून नुसता अंगठा पाठवला, आता निवांत बसलोय तर नीट लिहितो. इकडे दोन दिवस पाऊस नुसता झोडपतोय, गंगापूर धरणातून पाणी सोडलंय आणि दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलंय म्हणतात, त्यामुळे आज पेशंट पण कमी होते. तुमच्या सुरगाण्याकडे तर विचारायलाच नको.

तू लिहिलंस की मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायचंय, 5 वर्षांत 30 पॉइंट लागतात, तुझे 17च झालेत, नाशिकला दोन दिवसांची एखादी सीएमई, म्हणजे पॉइंट मिळणारा डॉक्टरांचा अभ्यासवर्ग, असेल तर कळव म्हणजे एकदाच येऊन उरकून टाकतो. कळवतो की, पेडियाट्रिक्सचं काही ना काही चालूच असतं इकडे, आणि राहायला घर आहेच. पण ते "उरकून टाकतो" माझ्या डोक्यातून जाईना, कारण मी पण इतकी वर्षं तेच करत आलो, जाऊन बसायचं, सही करायची, जेवायचं, सर्टिफिकेट फाइलला लावायचं, आणि त्याने काय होतं ते मला आषाढात एका रात्री कळलं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, घरी पण नाही.

रात्रीचे पावणेदोन वाजले असतील. एका मॅटर्निटी होममधून फोन आला, सिझर घेतोय, पाणी हिरवं आहे, बाळाचे ठोके पडतायत, लगेच ये. मी पोचून हात धुवेपर्यंत बाळ बाहेर आलेलं, अंगावर घट्ट हिरवी शी, हातपाय लोंबकळतायत, रडणं नाही, श्वास नाही. वॉर्मरवर ठेवलं आणि माझा हात सरळ लॅरिंजोस्कोपकडे, म्हणजे घशात आत बघायच्या त्या यंत्राकडे, गेला. आठवतं ना तुला, आपण रेसिडेन्सीत असताना काय करायचो, मेकोनियम, म्हणजे पोटातच केलेली ती हिरवी शी, आहे आणि बाळ लुळं आहे म्हणजे पुसायचं नाही, रडवायचं नाही, आधी आत बघायचं, ट्यूब टाकून श्वासनलिकेतलं सक्शन करायचं आणि मगच बॅग-मास्क दाबून श्वास द्यायचा. तेव्हा ते बरोबरच होतं, पुस्तकातच तसं होतं. 2015 साली ते बदललं. पाँडिचेरीच्या जिपमर हॉस्पिटलमध्ये अशाच 122 लुळ्या बाळांवर अभ्यास झाला, अर्ध्यांना ट्यूबने सक्शन केलं, अर्ध्यांना नाही, आणि सक्शनचा काही फायदाच दिसला नाही, उलट त्या नादात बाळाला पहिला श्वास द्यायला उशीर होतो. मग गाइडलाइन आली की असं सक्शन सरसकट करू नका, बाळ श्वास घेत नसेल तर पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्क सुरू करा.

हे मला माहीत नव्हतं का? पाठ होतं रे. त्याच्यावरची तीन-चार लेक्चर ऐकलीत, एकात तर मीच उठून प्रश्न विचारलेला, त्यांचे पॉइंट पण माझ्या खात्यात जमा आहेत. आणि तरी त्या रात्री हात गेला तो लॅरिंजोस्कोपवरच.

तिथली जीएनएम सिस्टर, पंचवीसचीही नसेल, हळूच म्हणाली, "सर, आधी बॅग देऊ का? तीस सेकंद होत आलेत." महिन्यापूर्वी ती एका दिवसाच्या वर्कशॉपला जाऊन आली होती आणि तेव्हापासून ड्युटी सुरू झाली की रोज एकदा बॅग हातात घेऊन बघायची, हे मला नंतर कळलं. मी येण्याआधीच तिने बॅग तळहातावर दाबून व्हॉल्व्हचा आवाज येतोय ना ते बघून ठेवलेलं. मी बाजूला झालो, म्हटलं दे. अंगठा आणि पहिलं बोट मास्कवर गोल, बाकीची तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली, मऊ भागावर अजिबात दाब नाही, आणि तोंडातल्या तोंडात "दाबा, दोन, तीन, दाबा, दोन, तीन." पहिल्या पाच-सहा वेळा छाती हललीच नाही. मला वाटलं आता ही घाबरणार. तिने मान जराशी मागे घेतली, मास्क उचलून परत बसवला, तोंडातलं पुसून घेतलं, बाळाचं तोंड किंचित उघडलं आणि परत सुरू. छाती वर आली. दुसरी सिस्टर नाळेवर हात ठेवून बोटाने ट्रॉलीवर ठोके वाजवून दाखवत होती, आधी टक... टक... टक, मग ते जवळजवळ यायला लागले, आणि मिनिटाभरात बाळाने तोंड वाकडं केलं आणि रडलं. पाचव्या दिवशी आईबरोबर घरी गेलं, परवा दीड महिन्याच्या लसीला आलं होतं, छान हसतंय. त्याच्या आईला यातलं काहीच माहीत नाही. ती मला हात जोडून गेली आणि मला तिच्याकडे बघवेना.

तेव्हापासून मी हाच विचार करतोय की आपण ज्याला सीएमई म्हणतो त्यातून हाताला काय मिळतं. सकाळी नऊपासून एकामागून एक लेक्चर, शंभर-शंभर स्लाइड, जेवण झालं की अर्धा हॉल रिकामा. लेक्चर वाईट असतात असं मी म्हणत नाही, काही तर फार सुंदर असतात, 2011चा आफ्रिकेतला तो फ्लुइड बोलसचा अभ्यास मी अशाच एका लेक्चरमध्ये पहिल्यांदा ऐकला, तापाने फणफणलेल्या शॉकमधल्या पोरांना भराभरा सलाइन दिलं तर मृत्यू उलट वाढले, आणि त्या दिवसापासून कुठल्याही पोराला बोलस लावताना मी दोनदा विचार करतो. ते डोक्याचं काम होतं, ते ऐकून जमतं. पण मास्क धरणं ऐकून जमत नाही, आणि एकदा जमलं तरी सराव नसेल तर काही महिन्यांत हात विसरतो.

आणि दुसरं म्हणजे तिथे बसलेले सगळे आपणच, डॉक्टर. सिस्टर कुठे आहेत? शंभर बाळं जन्मली तर साधारण दहांना श्वास सुरू करायला काहीतरी मदत लागते, आणि ट्यूब, छाती दाबणं, औषध इथपर्यंत जाणारं शंभरात जेमतेम एखादं-दुसरं असतं. म्हणजे जवळपास सगळा खेळ पुसणं, ऊब आणि बॅग-मास्कचा, पहिल्या मिनिटाचा, आणि त्या मिनिटाला आपण बहुतेक वेळा गाडी पार्क करत असतो. बाळाला पहिला हात लागतो तो सिस्टरचा, आणि तिलाच आपण कधी बोलवत नाही.

गडचिरोलीत बंग दाम्पत्याने काय केलं ते आपण एमबीबीएसला परीक्षेपुरतं वाचलं होतं, मी ते परत काढून नीट वाचलं. जेमतेम शिकलेल्या गावातल्या बायका, त्यांना बाळाचं वजन घेणं, श्वास मोजणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं एवढं सगळं शिकवलं आणि तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, 1999 साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आलं. आपल्या आशाताई आज घरोघरी बाळाला बघायला जातात, 3, 7, 14, 21, 28, 42व्या दिवशी, त्याचं मूळ तिथंच आहे. यावेळी वाचताना मला आकड्यापेक्षा हे जास्त लागलं की त्या बायकांना शिकवून सोडून दिलं नव्हतं, कुणीतरी परत परत गावात जाऊन त्यांचं काम बघत होतं, चुकलं तर तिथल्या तिथे सांगत होतं.

तर मी काय सुरू केलंय सांगतो. दर मंगळवारी दुपारी अडीचला, शिफ्ट बदलताना, दोन्ही शिफ्टच्या सिस्टर असतात तेव्हा फक्त पंधरा मिनिटं. पाणी भरायचा एक बाहुला घेतलाय, कोमट पाणी भरलं की हातात अगदी बाळासारखा जड लागतो, मान पण तशीच लुळी पडते. एका वेळी एकच गोष्ट. एका मंगळवारी फक्त मास्क. एका मंगळवारी फक्त अ‍ॅड्रिनॅलिन, ते ठोके वाढवायचं औषध, 1 मिलीची अँप्यूल फोडायची, सलाइन घालून 10 मिली करायचं, त्यातलं 3 किलोच्या बाळाला शिरेतून किती ते मोठ्याने सांगून सिरिंजमध्ये भरून दाखवायचं. पहिल्या दिवशी सहा जणींनी भरलं आणि तीन वेगवेगळी उत्तरं आली. सच्या, माझ्या पोटात गोळाच आला, कारण या त्याच सिस्टर, याच ट्रॉलीवर, आणि मी इतकी वर्षं "अ‍ॅड्रिनॅलिन द्या" एवढंच म्हणत आलोय, किती भरलंय हे कधी वाकून बघितलं नाही. आता गेल्या तीन वेळा सगळ्यांचं एकच उत्तर येतंय, 0.6 मिली, आणि आमच्या मावशी पण शिकल्यात वॉर्मर कधी लावायचा, टॉवेल किती गरम हवेत. या पंधरा मिनिटांना कौन्सिलचा एकही पॉइंट नाही. नसू दे.

तू मेसेजमध्ये लिहिलंस की आमच्या सुरगाण्यात कसली आलीय सीएमई. हे मात्र मला पटलं नाही. गेल्या उन्हाळ्यात तुझ्याकडे विंचू चावलेलं ते सात वर्षांचं पोर आलं होतं ना, घामाने चिंब, हातपाय बर्फासारखे, उलट्या, आणि तू रात्रभर त्याच्या उशाशी बसून प्राझोसिन, ते ब्लड प्रेशरचं औषध, देत होतास आणि मला फोनवर सांगत होतास. किलोला 30 मायक्रोग्राम, तीन-तीन तासांनी, हातपाय गरम होईपर्यंत, हे मी तुझ्याकडून शिकलो, कुठल्या हॉलमध्ये नाही. आणि ते मुळात आलं कुठून? महाडच्या बावस्कर सरांकडून. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचू चावून डोळ्यांदेखत मरणारी पोरं बघून तो माणूस रात्र-रात्र पेशंटजवळ बसून नोंदी करत राहिला, आणि 1986 साली प्राझोसिनचं काम लॅन्सेटला छापून आलं. म्हणजे खेड्यातल्या खाटेपाशी कुणीतरी शिकलं आणि ते मग जगभर गेलं. तू तर रोज त्याच खाटेपाशी आहेस, मग मला सांग नाशिकला येऊन एसीत बसायची जास्त गरज कुणाला आहे, तुला की मला?

म्हणून माझं म्हणणं असं आहे. तुझे 13 पॉइंट आपण करू, एका वीकेंडला ये, आईपण कधीची विचारतेय तुला. पण महिन्यातून एका शनिवारी मी बाहुला घेऊन तुझ्याकडे येतो, दिंडोरी, वणी, बोरगाव करत, सकाळी सहाला निघालो तर नऊच्या आत पोचतो. तासभर तुझ्या लेबर रूमच्या सिस्टर, जमलं तर आजूबाजूच्या उपकेंद्रांच्या नर्स (एएनएम) आणि 108 अँब्युलन्सचे जे कुणी मोकळे असतील ते, बॅग-मास्क आणि कांगारू केअर. कांगारूचं नवीन तुला माहीतच असेल, कमी वजनाचं बाळ स्थिर व्हायची वाट न बघता लगेच आईच्या छातीला लावलं तर मृत्यू पाव हिश्शाने कमी झाले, 2021चा अभ्यास आहे आणि त्यात आपलं दिल्लीचं सफदरजंग हॉस्पिटल पण होतं. तुमच्याकडे दीड-पावणेदोन किलोची बाळं येतात आणि वॉर्मर एकच आहे, तुम्हाला याचा किती उपयोग होईल बघ. आणि नंतरचा एक तास तू माझा घ्यायचा, विंचू, साप, कुपोषित पोराचं जुलाब लागल्यावर काय करतोस ते सगळं, मी वही घेऊन बसणार आहे.

लेक्चर नाही, स्लाइड नाही, प्रोजेक्टर आणू नकोस. आणि एक कर, सिस्टरना आधीच सांगून ठेव की परीक्षा नाहीये, चुकलं तर कुणी ओरडणार नाही, नाहीतर त्या मागे भिंतीला लागून उभ्या राहतील आणि बाहुल्याला हातच लावणार नाहीत, माझ्याकडे पहिल्या दोन मंगळवारी तसंच झालं होतं.

येत्या शनिवारी पाऊस जास्त असेल तर नको, घाटात अडकायला नको, त्याच्या पुढचा धरू. मला फक्त एवढं कळव की किती जणी असतील. आणि उद्या राउंडला गेलास की लेबर रूममधली बॅग ड्रॉवरमधून काढून तळहातावर दाबून बघ, मास्कची कड बोटाने चाचप, कडक झाली असेल किंवा चीर गेली असेल तर लगेच सांग, मी इथून 0 आणि 1 नंबरचे दोन-दोन घेऊन येतो.

तुझाच,
विन्या