पुलाच्या अलीकडून

प्रभादेवी,
३० डिसेंबर २०२५

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दिवाळीत आलं आणि उत्तर वर्ष संपताना लिहितोय. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. फोनवर बोलतोच आपण, पण तिथे तू आंब्यांचं सांगतोस, मी गुडघ्याचं सांगतो, आणि तेवढ्यात मशीनवरून कोणीतरी हाक मारतं. तू दोन गोष्टी विचारल्या होत्यास. वर्षभरात मुंबईत काय झालं, आणि प्रेस कशी चाललीय. दुसऱ्याचं उत्तर जड जातंय म्हणून पहिल्याचं लांबवतोय असं समज.

पुलाचं आधी सांगतो. १२ सप्टेंबरच्या मध्यरात्री एल्फिन्स्टनचा पूल कायमचा बंद केला. १९१३ सालचा पूल. तो पाडून तिथे दुमजली पूल होणार, आणि वरून शिवडी-वरळीचा उन्नत मार्ग जाणार, म्हणजे अटल सेतूवरून आलेली गाडी कुठे न थांबता सी-लिंकला. एप्रिलमध्येच बंद करणार होते, पण पुलाला खेटून असलेल्या इमारतींतली माणसं रस्त्यावर उतरली, आधी आमच्या घरांचं बोला म्हणाली, आणि तारीख पुढे गेली. स्टेशनचं नाव २०१८ साली प्रभादेवी झालं, पूल मात्र शेवटपर्यंत एल्फिन्स्टनच राहिला. आता तोडकाम चालू आहे. रात्री ड्रिलचा आवाज गाळ्यापर्यंत येतो.

आपला बाइंडर परळ गावात, हे तुला सांगायला नको. छापलेली रिमं हातगाडीवर टाकली की दहा मिनिटांत त्याच्या दारात. आता टेंपो सांगावा लागतो. तो दादरचा टिळक पूल फिरून जातो नाहीतर करी रोडवरून. करी रोडच्या पुलावर सकाळी एका दिशेची वाहतूक, दुपारी तीननंतर उलट्या दिशेची, त्यामुळे माल न्यायचा कधी आणि आणायचा कधी हे घड्याळ ठरवतं. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाची बिलबुकं वेळेत आली नाहीत, तर तो मला म्हणाला, 'काका, परळ म्हणजे काय पनवेल आहे का?' काय सांगणार? केईएमला जाणाऱ्या पेशंटचे नातेवाईक टॅक्सीतून उतरून चालत सुटतात, ते बघितलं की माझी बिलबुकं गेली खड्ड्यात असं वाटतं.

थोडा माल असेल तर पोरगा गठ्ठा खांद्यावर टाकून स्टेशनच्या पादचारी पुलावरून जातो. मी त्याला सकाळी दहा-अकराला पाठवत नाही. का ते तुला ठाऊक आहे. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची सकाळ, पाऊस, आणि त्या जिन्यावर चेंगराचेंगरीत तेवीस माणसं गेली. तू कामाला उशीर केलास म्हणून झापायला मी फोन लावत होतो आणि तुझा फोन लागत नव्हता. नंतर लष्कराने नवा पादचारी पूल बांधला, गर्दी थोडी वाटली गेली. पण रस्त्याचा पूल बंद झाल्यापासून सगळेच तिकडून चढतात, आणि मला अजून तो जिना नकोसा वाटतो.

गंमत बघ. हाकेच्या अंतरावरचं परळ लांब गेलं आणि काळबादेवी जवळ आली. भुयारी मेट्रो मे महिन्यात आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आणि ९ ऑक्टोबरपासून आरे ते कफ परेड पूर्ण सुरू झाली. साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्टेशनं, तिकीट दहापासून सत्तर रुपयांपर्यंत. कागद बघायला काळबादेवीला जायचं म्हणजे आपला अर्धा दिवस जायचा, आठवतं? आता सिद्धिविनायकला खाली उतरायचं आणि वीसेक मिनिटांत काळबादेवीला वर यायचं. पहिल्यांदा गेलो तेव्हा गिरगाव स्टेशनलाच उतरलो, उगाच. इथल्या कितीतरी कुटुंबांनी या स्टेशनांसाठी राहती घरं रिकामी केली, वर्षानुवर्षं बॅरिकेडमधून वाट काढली. वर आल्यावर मात्र पहिल्यांदा भजीचाच वास आला, म्हटलं बरं आहे. एकच त्रास, खाली मोबाइलला रेंज नाही. बायको म्हणते, हाच फायदा.

मेट्रोवरून पावसाची गोष्ट आली. अत्रे चौकाचं स्टेशन १० मेला लोकांसाठी उघडलं आणि २६ मेला त्यात पाणी शिरलं. फोटो तू पाहिले असशीलच. अत्रे असते तर एक आख्खा अग्रलेख मिळाला असता. त्याच दिवशी मान्सून मुंबईत आल्याचं जाहीर झालं, इतक्या लवकर तो कधी आल्याची नोंद नाही. जूनच्या दहा-अकरा तारखेपर्यंत दम आहे या हिशेबाने मी शाळेच्या डायऱ्यांचा कागद भिंतीला लावून ठेवला होता. सगळ्याला हवा लागली. कडा लाटांसारख्या झाल्या, मशीन एका वेळी दोन-दोन पानं ओढायला लागलं. तू असतास तर पानं फणीसारखी मोकळी करत बसला असतास. पोराला ते जमत नाही, आणि जमावं असंही त्याला वाटत नाही. दीड रीम वाया गेली.

भाड्यांचं एका दमात सांगतो. फेब्रुवारीपासून रिक्षाचे किमान २६, टॅक्सीचे ३१. मे महिन्यात बेस्टचं किमान तिकीट पाचाचं दहा आणि एसीचं सहाचं बारा. २०१९ साली आठाचं पाच केलं तेव्हा आपण पेढे वाटायचे बाकी होतो. आपला कागद कापणारा कटिंगवाला आता बस सोडून चालत येतो आणि उशिराचं कारण 'तब्येतीसाठी' असं देतो.

मागच्या गल्लीतल्या बेकरीची लाकडाची भट्टी गेली. हायकोर्टाने जानेवारीत सांगितलं होतं, सहा महिन्यांत लाकूड-कोळसा बंद, गॅस किंवा वीज. बेकरीवाल्याने रडतखडत गॅस घेतला. हवेसाठी बरंच झालं, आपल्या दोघांच्या छातीत त्या धुराचा वाटा असणारच. पण पहाटे मशीन सुरू करताना तो वास यायचा आणि भूक लागायची. पावाच्या चवीत फरक नाही असं सगळे म्हणतात. मला आहे.

गणपतीत कामाला बरकत होती. यंदा सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. पावती पुस्तकं मात्र मंडळांनी कमीच केली, वर्गणी क्यूआर कोडवर. जी केली त्यांना आकडे हवेतच, त्यामुळे नंबरिंगचं काम मिळालं. चतुर्थी २७ ऑगस्टला, आणि २९ ला मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे आझाद मैदानात उपोषणाला बसले. सीएसएमटी माणसांनी भरून गेलं. ऐन गणपतीत गावोगावच्या बायकांनी भाकऱ्या, ठेचा, चटण्या गाड्या भरभरून पाठवल्या. २ सप्टेंबरला हैदराबाद गॅझेटचा जीआर निघाला आणि लोक परतले. मग लालबागच्या राजाचं विसर्जन. भरती आणि नवा तराफा यांचं काही जुळेना, मूर्ती चौपाटीवर दिवसभर पाण्यात. कोळी मंडळी काय काय बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आणि हो, बीडीडी चाळींचा पुनर्विकास. हे तुला वर्तमानपत्रातून कळलं असेल, पण मी पाहिलेलं सांगतो. १४ ऑगस्टला वरळीच्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० फुटांच्या फ्लॅटमध्ये. आपल्या बाजूच्या चाळीतली मावशी, जिच्याकडे आपण क्रिकेटचा बॉल मागायला जायचो, तिलाही घर मिळालं. मी गेलो होतो बघायला. तिने संडासाचं दार तीनदा उघडून दाखवलं. घरातला संडास, स्वतःचा, कडी आतून! आयुष्यभर ती बादली घेऊन रांगेत उभी राहिली. मग खिडकीशी उभी राहिली आणि म्हणाली, 'इथून कोणाला हाक मारायची रे?' मी काही बोललो नाही. तिला पुन्हा त्या खोलीत जाशील का विचारलं असतं तर तिने मला खिडकीतून खाली टाकलं असतं.

बाकीचं तुला टीव्हीवर कळतंच. मोनोरेल ऑगस्टच्या पावसात मधेच अडकली, लोकांना शिड्या लावून उतरवलं, आणि सप्टेंबरपासून ती बंदच आहे. बीकेसीत टेस्लाचं दुकान आलं, गाडी साठ लाखांच्या घरात, आम्ही काचेला नाक लावून आलो. नवी मुंबईच्या विमानतळावरून परवा नाताळच्या दिवशी पहिली विमानं उडाली. २ नोव्हेंबरला नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, त्या रात्री आमच्या बिल्डिंगमध्ये दिवाळी दुसऱ्यांदा झाली. सेमीफायनलला वांद्र्याच्या जेमिमाने नाबाद १२७ केल्या तेव्हा मी मशीन बंद ठेवलं होतं. नुकसान किती ते विचारू नकोस.

आता प्रेस. २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे दर बदलले. वह्यांवरचा कर शून्य झाला, ऐकायला छान. आपण जो कागद घेतो त्यावरचा मात्र बारावरून अठरा. गिऱ्हाईक म्हणतं, 'टीव्हीवर तर सगळं स्वस्त झालं सांगतायत.' लग्नपत्रिकांचं तर तुला माहीतच आहे. पूर्वी पाचशे, आता पन्नास. देवापुढे ठेवायला, मामाला, आणि जे फोनवर पाठवलेलं मनावर घेत नाहीत अशा दोन-चार काकांना.

मी आस लावून होतो ती निवडणुकीची. महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली, तेव्हापासून प्रशासक. नगरसेवक नसणं म्हणजे काय ते लोकांना गटार तुंबल्यावर कळलं असेल, आपल्याला पहिल्याच महिन्यात कळलं. कार्यअहवाल नाहीत, वह्यावाटपाच्या वह्या नाहीत, हळदीकुंकवाची कार्डं नाहीत. अखेर १५ डिसेंबरला घोषणा झाली. १५ जानेवारीला मतदान, १६ ला मोजणी, २२७ प्रभाग. अर्ज भरायची मुदत आजच संपली. २४ तारखेला दोघे ठाकरे बंधू एकत्र लढणार हे जाहीर झालं आणि आपल्या नाक्यावर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. २०१७ ला आपण तीन रात्री झोपलो नव्हतो. शाई सुकत नव्हती म्हणून तू पंखे आणलेस घरचे. यंदा आतापर्यंत चार उमेदवारांची माणसं येऊन गेली. एकाने पाच हजार पत्रकं सांगितली, दुसऱ्याने दोन हजार, बाकी दोघे भाव विचारून गेले. एक पोरगेलासा कार्यकर्ता म्हणाला, 'काका, रील्स करतोय आम्ही, कागद कोण वाचतो?' मी त्याला पत्रकाच्या खालची ओळ दाखवली. मुद्रकाचं नाव, प्रकाशकाचं नाव, प्रतींची संख्या. म्हटलं, तुझ्या रीलखाली कोणाचं नाव असतं? तो हसून गेला. ऑर्डर दिली नाही.

तर उत्तर हे असं. चाललीय, पण मुलगा म्हणतो कोपरा रिकामा करा, तिथे डिजिटल मशीन बसवू, पन्नास प्रती हव्या तर पन्नास काढू. त्याचं चूक नाही. कोपरा म्हणजे तुझी ट्रेडल, ते जुनं छपाईचं मशीन. अजून चालते. नंबरिंग आणि परफोरेशन, म्हणजे पावती फाडायच्या भोकांची रेघ, तिच्यावरच करतो, गणपतीची पावती पुस्तकं तिनेच तारली. भंगारवाला येऊन पाहून गेला, किलोवर भाव सांगितला, मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या, केसेसही आहेत तशाच, बारा पॉइंटचा 'ळ' कायम कमी पडायचा ती पण. 'परळ' आणि 'काळबादेवी' एका पत्त्यात आले की तू गिऱ्हाइकाला दुसरा पत्ता आहे का विचारायचास.

मी मुलाला संक्रांतीनंतर सांगतो म्हटलंय. मशीन माझ्या नावावर असलं तरी हात तुझा आहे, तुला न विचारता मी ते भंगारात देणार नाही. तुझ्या पडवीत मावेल का ते मोजून ठेव, टेंपोचं भाडं मी बघतो. नाही मावत म्हणालास तरी एकदा येऊन शेवटचं काहीतरी छापून जा. चौदाला सण आहे, पंधराला मतदानाची सुट्टी, मशीन मोकळंच असेल.

कोकणकन्येचं तिकीट काढलंस की कळव. दादरला उतरलास की पश्चिमेलाच बाहेर पड, जुन्या सवयीने परळची लोकल पकडून पुलाकडे जाऊ नकोस. वहिनींना नमस्कार. आमसुलं आणलीस तर यंदा जरा जास्त आण, बाइंडरही विचारत होता.

तुझा,
अनंता