रविवारच्या चिअरलीडिंग प्रॅक्टिसबद्दल, पालकांनीही वाचा

मंडळी, परवा मैदानावर जे झालं ते परत नको म्हणून लिहितोय. दोन पोरी कुणाला न विचारता फुल ट्विस्ट (हवेत उलटी उडी घेताना अंगाची एक पूर्ण गिरकी) मारायला गेल्या, मॅट सरकलेली, मधे वीतभर फट, एकीचा पाय नेमका तिथंच गेला. मुरगळण्यावर निभावलं, नशीब.

रील बघून लेव्हल वाढत नाही ओ. लेव्हल १ मध्ये कोलांटउडी, कार्टव्हील (हातांवरून चाकासारखी आडवी उडी), राउंडऑफ (तशीच, पण दोन्ही पाय जोडून उतरायचं). २ ला बॅक हँडस्प्रिंग (हात टेकून मागे उलटी उडी), ३ ला बॅक टक (हात न टेकता, गुडघे छातीशी घेऊन), ४ ला लेआउट (तीच उडी सरळ अंगानं), मग ५ ला कुठं एक फुल ट्विस्ट आणि ६ ला डबल. ज्यांचा हँडस्प्रिंग अजून वाकड्या कोपरानं पडतोय त्यांनी ट्विस्टचं नाव काढू नका, मी रागावणार म्हणजे रागावणारच.

स्टंटला बॅकस्पॉट (मागे उभी राहून सांभाळणारी) नसेल तर फ्लायर (जिला वर उचलतात ती) वर जाणार नाही. बॅकस्पॉटची नजर वरच, फ्लायरचं डोकं-मान सांभाळणं हे तिचं काम, मोबाईल नाही. आणि बेस (खालून उचलणारे) म्हणजे हमाल नव्हे, झेलताना गुडघे वाकवून छातीशी धरायचं, लांब हातानं नाही. दहीहंडीत थर लावलेत म्हणून बास्केट टॉस (फ्लायरला हातांवरून उंच फेकून झेलणं) जमतो असं काही पोरांना वाटतंय, तिथं माणूस चढतो, इथं फेकतात, फरक आहे.

उन्हाळ्यात आपल्या सोलापुरात दुपारी हात घामानं निसटतात, म्हणून रविवारी सकाळी ६ लाच या. अंगठ्या, कानातले, बांगड्या घरी ठेवा, नखं कापा. पायाला लागलंय त्यांनी लपवू नका, बसून बघा. पाण्याची बाटली आपापली आणा, मागच्या वेळी सगळे माझीच संपवून गेले.