सोयाच्या गोळ्या घेण्याआधी

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला डबीचा फोटो मोठा करून पाहिला. वर ‘ताणावर नैसर्गिक उपाय’, खाली बारीक अक्षरांत ‘सोया आयसोफ्लेव्होन’. फोडण्याआधी एवढं वाच.

आयसोफ्लेव्होन म्हणजे सोयाबीनमधली जेनिस्टीन, डेडझीन अशी द्रव्यं. ती घडणीनं इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या जवळची. त्यामुळे ती पेशींतल्या इस्ट्रोजेनच्या ग्राहींना, म्हणजे ते संप्रेरक जिथे येऊन जुळतं त्या जागांना, चिकटतात. हे ग्राही मेंदूतही असतात: आठवणी सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये, आणि ताण आला की जिथून कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकाची साखळी सुरू होते त्या हायपोथॅलॅमसमध्येही. तेव्हा ताणावर त्यांचा परिणाम होत असेल, ही कल्पना खुळी नाही. पण तो कुठल्या दिशेनं होतो?

उंदरांची भीती मोजायला अधिक चिन्हासारखा, जमिनीपासून उंच पाट असतो. दोन बाजूंना भिंती, दोन उघड्या. घाबरलेला उंदीर भिंतीच्या आडोशाला बसतो, निवांत असलेला उघड्यावर फिरतो. 2001 साली लंड आणि लेफार्ट या संशोधकांना सोयायुक्त खाद्यावरचे उंदीर उघड्यावर जास्त रमलेले दिसले. 2003 साली हार्टली आणि सहकाऱ्यांना नेमकं उलटं आढळलं: सोयावरचे नर उंदीर जास्त भित्रे, आणि ताण दिल्यावर त्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरकही जास्त. (प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या खाद्यातही बहुधा सोया असतोच, हे तर आणखी गोंधळाचं.)

माणसांत आणखी एक गुंता आहे. डेडझीनपासून इक्वॉल हे जास्त प्रभावी द्रव्य बनवणारे जिवाणू सगळ्यांच्या आतड्यात नसतात. तुझ्या मैत्रिणीला गुण आला म्हणून तुला येईलच असं नाही. आणि ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, हेही मला पटत नाही. 1940च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीचं क्लोव्हर गवत खाऊन मेंढ्या वांझ झाल्या होत्या, तेही अशाच द्रव्यांमुळे.

सोयाबीनची भाजी, टोफू खुशाल खा, जवसाची चटणी मी पाठवतेच. जेवणातल्या सोयाला माझी हरकत नाही. गोळीत तेच अर्क काढून एकवटलेलं असतं, तेही रोज, म्हणून नको म्हणते.

तुझ्या थायरॉइडच्या गोळीचंही लक्षात ठेव. सोयामुळे ती नीट शोषली जात नाही, म्हणून सकाळी गोळीनंतर लगेच सोया दूध पिऊ नकोस. झोप उडालीय म्हणतेस, तर आधी थायरॉइड तपासून घे आणि डॉक्टरांना सगळं मोकळेपणानं सांग. रिपोर्ट आला की मला लगेच फोन कर, कितीही वाजलेले असोत.

तुझी,
आई