कंबरदुखीच्या गर्दीत मणक्याचा टीबी नजरेतून सुटतोय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत पाठदुखी-कंबरदुखीवर नेहमी काही ना काही येत असतं, खुर्चीत कसं बसायचं, मोबाईल बघताना मान किती वाकवायची, झोपायला गादी कडक की मऊ, आणि ते उपयोगाचंच आहे, पण मी तालुक्याच्या गावात फिजिओथेरपी करते आणि मला जे सगळ्यात जास्त छापून यायला हवं वाटतं ते त्यात वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र. मणक्याच्या टीबीबद्दल लिहा.

आधी हे सांगते की बहुतेक कंबरदुखीला घाबरायचं काहीच कारण नसतं. आपल्या कण्यात ३३ मणके, मानेचे ७, पाठीचे १२, कंबरेचे ५, त्याखालचे ५ मोठेपणी जुळून एकच हाड होतं आणि शेवटचे साधारण ४ म्हणजे माकडहाड. वरच्या हलणाऱ्या मणक्यांच्या मधे गाद्या असतात, बाहेरून चिवट कडं आणि आत मऊ गर. कडं फाटून गर मागे आला आणि नसेला लागला की कंबरेतून पार पोटरीपर्यंत कळ जाते, हीच सायटिका, आणि ती बहुतेक वेळा कंबरेच्या सगळ्यात खालच्या दोन गाद्यांमुळे होते. यातले बरेच जण दीड-दोन, फार तर तीन महिन्यांत ऑपरेशनशिवाय बरे होतात. एमआरआयच्या रिपोर्टात ‘डिस्क बल्ज’ (गादी फुगलेली), ‘डीजनरेशन’ (गादी झिजलेली) असं काही आलं की लोक अगदी रडकुंडीला येतात, अहो पण कंबर अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांचे स्कॅन बघितले तरी १०० त साधारण ३७ जणांची गादी झिजलेली दिसते आणि ऐंशीच्या घरात तर जवळपास सगळ्यांचीच. गादी झिजणं हे केस पिकण्यासारखं आहे.

टीबीचं तसं नाही. मोठ्या माणसाच्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो पण मणक्याच्या हाडाला भरपूर असतो, त्यामुळे फुप्फुसात किंवा आणखी कुठे असलेले जंतू रक्तातून येतात आणि बहुतेक वेळा मणक्याच्या पुढच्या भागात, गादीच्या कडेला घर करतात. तिथून शेजारचा मणका धरतात. हाड पुढून पोखरलं की मणका पुढे खचतो आणि पाठीला कुबड येतं, आत पू साठतो पण वरून ना लाल दिसत ना गरम लागत, आणि तो पू मागे मज्जारज्जूवर दाबला की पाय जायला लागतात. हे जास्त करून पाठीच्या खालच्या आणि कंबरेच्या वरच्या मणक्यांत होतं, आणि पाठीच्या मणक्यांत मज्जारज्जूची नळी आधीच अरुंद. पायातली चप्पल निसटते आणि कळत नाही, असं पेशंट सांगतो तेव्हा आधीच बराच उशीर झालेला असतो. पर्सिव्हल पॉट नावाच्या इंग्रज सर्जनने पाठीचं कुबड आणि पाय लुळे पडणं यांचा संबंध १७७९ मध्ये लिहून ठेवलाय, म्हणजे आजार काही नवा नाही, औषधं पण आहेत, तरी आमच्याकडे पेशंट कधी येतात तर सगळं करून झाल्यावर.

मागे एक बाई आली, तिशीच्या आतली, लेकरू दीड वर्षाचं. कंबर दुखते म्हटलं की घरचे, शेजारचे, सगळे एकच सांगायचे, बाळंतपणाची कंबर आहे, दुखणारच. मग बेल्ट झाला, तेल लावून झालं, गोळ्या झाल्या, एकाने तर मणका ‘बसवून’ पण दिला (पोखरलेल्या मणक्यावर असा झटका म्हणजे काय होऊ शकतं याचा विचारच करवत नाही). मी तिला पालथं झोपवून पाठीवरून बोट फिरवलं तर एका जागी मणका बोटाला जरासा वर आलेला लागला, त्यावर हलकेच टिचकी मारली तर ती अख्खी आकसली. विचारलं रात्री कसं असतं, म्हणाली झोपले तरी थांबत नाही, कूस बदलताना जीव जातो. संध्याकाळी अंगात कणकण असायची, जेवण जात नव्हतं, ब्लाऊज सगळे सैल झालेले. खोकला मात्र नाही आणि छातीचा एक्स-रे पण क्लिअर, त्यामुळे टीबी कुणाच्या मनातच आला नव्हता. मी तिला व्यायाम दिले नाहीत, त्याच दिवशी चिठ्ठी देऊन हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, एमआरआयमध्ये दोन मणके धरलेले निघाले, सुईने तुकडा काढून तपासला, टीबीच. औषधं लागू पडली, पाय वाचले, आता ती शेतात जाते.

पण सासूबाईंनी पहिलं काय विचारलं असेल तर, हे कुणाला कळणार नाही ना. घरात नणंद लग्नाची होती. म्हणून हेही छापा की फक्त मणक्याचा टीबी असेल, फुप्फुसात नसेल, तर तो सहसा दुसऱ्याला लागत नाही, ताट-वाटी वेगळी करायची काही गरज नाही. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आहारासाठी उपचार चालू असेपर्यंत महिन्याला पैसे खात्यात येतात, २०१८ मध्ये ५०० होते ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत. मात्र मणक्याला फुप्फुसासारखं सहा महिन्यांत भागत नाही, बहुतेकांना वर्षभर तरी औषध घ्यावं लागतं आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात दुखणं थांबलं की लोक गोळ्या सोडतात, तिथेच घात होतो. ऑपरेशन सगळ्यांना लागत नाही.

आणखी एक, सुरुवातीला साधा एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो. म्हणून एक्स-रेवर न थांबता, दुखणं सहा आठवड्यांच्या वर गेलं, रात्री आडवं पडूनही थांबत नाही, सोबत ताप किंवा वजन उतरतंय, यातलं काही असेल तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा, टीबी तर नाही ना. आणि लघवी अडली, बसायच्या जागी बधिर झालं, किंवा पायातलं बळ जायला लागलं तर कारण कुठलंही असो, सकाळची वाट बघू नका, रात्रीच मोठ्या हॉस्पिटलला जा.

दर २४ मार्चला, क्षयरोग दिनाला, खोकणाऱ्या माणसाचं चित्र छापून येतं. यावेळी त्याच्या शेजारी पाठीचं पण छापा, एक चौकट पुरे. मजकूर हवा असेल तर मी लिहून देते.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, जि. सातारा